अनुभवाचा रकाना

पनवेलला टपाल नाक्याजवळ एक अंधारा जिना होता आणि त्या जिन्याच्या वर पेंडसेबाईंचा टायपिंगचा क्लास होता. बाईंचं नाव अरुंधती, पण ते रेशनकार्डावरच राहिलं. गावाला त्या ‘टायपिंगवाल्या बाई’. खाली काशिराम शेठचं हार्डवेअरचं दुकान आणि वर दिवसभर टकटक. शेठ कुरकुरायचे, की बाई, तुमच्या पोरांपायी माझ्या डोक्यावर बारा महिने गारा पडतात. कुरकुरायचे आणि वर चहा पाठवायचे, असा तो माणूस.

टायपिंग शिकवणं हा बाईंचा धंदा, पण नाव झालं ते बायोडाट्यापायी. त्याचं असं झालं, की तिकडे उरणच्या बाजूला बंदर उभं राहिलं, इकडे तळोजा, पाताळगंगा, जिकडे बघावं तिकडे कारखाने, आणि घरोघरची पोरं अर्ज करायला निघाली. अर्जाला बायोडाटा जोडा म्हणे. आता आपल्याकडे तोवर बायोडाटा म्हणजे लग्नाचा, तेवढाच लोकांना माहीत. मग पोरं तोच घेऊन यायची. उंची अमुक, रंग गहूवर्णी, कुलदैवत तमुक, मामांचं गाव कुठलं तर कुठलं. बाई चष्म्यावरून बघायच्या आणि विचारायच्या, “कंपनीला तुझ्या मामाशी सोयरीक जुळवायची आहे का रे?” आणि लाल पेन्सिलीने मामांना खोडून टाकायच्या.

बाईंचं शास्त्र साधं होतं आणि त्यापुढे त्या कुणाच्या बापाचं ऐकत नसत. बायोडाटा एका पानात संपला पाहिजे, साहेबाला दुसरं पान उलटायला वेळ नसतो. जे काम येतं ते वर, बाकीचं खाली. फोटोत गॉगल चालणार नाही, मोटारसायकलला टेकून तर नाहीच नाही. छंदात वाचन लिहिलंस, तर शेवटचं काय वाचलंस ते सांग, नाही सांगता आलं तर खोड. एक अक्षर चुकलं तर पांढरी शाई फासून भागायचं नाही, अख्खं पान पुन्हा. पोरं वैतागायची. पण बाईंच्या हातचा कागद घेऊन गेलेल्या पोराला निदान मुलाखतीचं बोलावणं तरी यायचं, हे गावाने पाहिलं होतं. बाईंनाही त्याचा गर्व होता, आणि का नसावा? प्रत्येक बायोडाट्याच्या तळाशी, अगदी बारीक, ‘पेंडसे टायपिंग, टपाल नाका, पनवेल’ अशी ओळ त्या हटकून टाकत. जाहिरात आपली फुकटात.

एवढं सगळं चोख. पण एका ठिकाणी बाईंचं शास्त्र वाकडं जायचं, ते म्हणजे अनुभवाचा रकाना. पेपरातल्या जाहिरातीत ठरलेलं असायचं, अनुभवी उमेदवारास प्राधान्य. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही, मग पोराने करायचं काय? लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही नि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तशी गत. बाईंना तो रिकामा रकाना बघवत नसे. मग त्या खाली उतरून शेठना गळ घालायच्या आणि शेठ आपल्या लेटरहेडवर दाखला द्यायचे, की सदर इसम आमच्याकडे स्टोअर सांभाळत होता, वागणुकीने चांगला. एक पैसा घ्यायचे नाहीत. आपण इतक्या जणांचे मालक झालो याचंच त्यांना अप्रूप. दुकान केवढं, तर शेठ आत बसले की गिऱ्हाइकाने बाहेर उभं राहायचं, आणि कागदोपत्री तिथे अर्धं पनवेल नोकरीला होतं. बाईंना यात वावगं वाटलं नाही. कुणाच्या ताटातलं ओढलं नाही, कुणाच्या तिजोरीला हात लावला नाही. एका पोराला दारातून आत ढकललं, पुढे तो आणि त्याचं नशीब.

तुळशीराम असाच आला. कर्नाळ्याच्या पायथ्याची ठाकूरवाडी, बाप नाही, आई साळू वीटभट्टीवर. वाडीत बारावी पास झालेला हा पहिलाच. जिन्याखाली चपला काढून, मार्कशीट प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून दाराशी उभा. बाईंनी विचारलं, आजवर काय काम केलंस? तर म्हणाला, काय नाय बाई, भट्टीवर व्हतो. थोडं उकरल्यावर कळलं, की शाळेत होता तेव्हापासून सुट्टीभर तो भट्टीवर विटांचा हिशेब ठेवायचा. किती थापल्या, किती भाजल्या, किती फुटल्या, किती ट्रकात चढल्या. मुकादम त्याच्या तोंडच्या हिशेबावर मजुरी वाटायचा. बाईंनी ते ऐकलं आणि सोडून दिलं. वीटभट्टी इंग्रजीत टाइप केली तर कागदावर कशी दिसेल, एवढंच त्यांच्या मनात आलं. बरी नाही दिसणार. मग काशिराम शेठचा दाखला, स्टोअर असिस्टंट, दोन वर्षं. तुळशीराम चाचरत म्हणाला की बाई, मी तं त्या दुकानात कदी गेलोच नाय. बाई म्हणाल्या, मग आता जा, खिळे बघून ये.

तो खिळे बघून आला, मुलाखतीला गेला आणि आपटा गावाच्या पुढे, पाताळगंगेच्या काठच्या एका केमिकल कंपनीत स्टोअरला लागला. कंत्राटी, पण लागला. त्याच्या मागोमाग त्याच कंपनीत बाईंची आणखी कितीतरी पोरं लागली. दर उन्हाळ्यात तुळशीराम पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन यायचा आणि बाईंच्या टेबलावर न बोलता ठेवून जायचा. बाकीच्यांचं म्हणाल तर गरज सरो वैद्य मरो. रस्त्यात बाई दिसल्या तरी दुसरीकडे बघणारेही त्यात होते.

मग कॉम्प्युटर आले आणि बाईंचे दिवस फिरले. पोरं आता एसी लावलेल्या क्लासला जायला लागली. काशिराम शेठ वारले, त्यांच्या दुकानाच्या जागी एसटीडी बूथ आला. वर मशिनींवर कापडाची झाकणं चढली ती उतरेनात. त्यात घरी दुसरी आग लागलेली. यजमान सत्यजीतराव तळोज्याच्या एका कारखान्यात होते, त्याला टाळं लागलं. टाळं लागण्याआधी तिथल्या साहेबांनी माणसं कशी कमी केली, कुणाच्या कागदात काय खोट काढून रिकाम्या हाताने घरी घालवलं, हे बाईंनी रोज जेवताना ऐकलं होतं. आता सत्यजीतराव दिवसभर पेपर वाचत. बाईंनी बायोडाटा करून देते म्हटलं, तर म्हणाले, मी काय पोरगा आहे? मुलगी सई इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. घरात कुणीतरी कमावणं भाग होतं आणि उठून बाहेर पडेल असं एकच माणूस उरलं होतं.

जाहिरात आली ती नेमकी तुळशीरामच्या कंपनीची. ऑफिस असिस्टंट हवी, टायपिंग उत्तम हवं, कॉम्प्युटर येत असल्यास प्राधान्य. बाईंनी झाकण काढून मशीन पुढे ओढलं आणि कागद चढवला, आणि अख्ख्या तालुक्याचे बायोडाटे लिहिणाऱ्या या बाईला स्वतःचा लिहिता येईना. आयुष्यात पहिल्यांदाच त्या स्वतःसाठी लिहीत होत्या. अनुभवाच्या रकान्यात क्लासची वर्षं टाकली. मग बोटं सवयीने पुढे गेली आणि त्यांनी टाइप केलं, कॉम्प्युटरचा दोन वर्षांचा अनुभव. बघत बसल्या. सईच्या मैत्रिणीकडे जाऊन त्या नुकतंच कॉम्प्युटर चालू-बंद करायला आणि पत्र लिहायला शिकल्या होत्या. खरं तर एवढ्याने काही बिघडलं नसतं, दुसऱ्याच्या बायोडाट्यात त्यांनी बेलाशक ठोकून दिलं असतं. पण या वयात समोर बसून कुणी उघडं पाडलं तर? त्यांनी कागद काढून फाडला आणि नवा चढवला. कॉम्प्युटर : शिकत आहे. एवढंच. सगळा बायोडाटा खरा, एक ओळ वाढवलेली नाही, आणि तळाची ती बारीक ओळ तर मुद्दामच टाकली नाही.

मुलाखतीचं पत्र आलं. पत्र आल्या दिवसापासून सत्यजीतराव चहा स्वतः करायला लागले. सईने आईच्या साडीला इस्त्री केली. घराचा श्वास त्या एका कागदावर अडकला होता. बाईंना तर रात्रंदिवस एकच, की आता ही नोकरी नाही मिळाली तर पुढे काय, पुढे काहीच नाही.

मुलाखत घेणारे कर्णिकसाहेब, देवेश कर्णिक, बाईंहून वयाने लहान, गोड बोलणारे. त्यांनी टाइप करून दाखवायला सांगितलं, बाईंनी दाखवलं. कॉम्प्युटरवर पत्र लिहायला सांगितलं, तेही अडखळत का होईना, लिहिलं. शिकाल, साहेब म्हणाले, आणि बाई खुर्चीत जरा सावरून बसल्या. चहा आला. चहाबरोबर साहेबांनी कपाटातून एक फाइल काढली आणि बाईंसमोर उघडून ठेवली.

पहिलं पान बघितल्याबरोबर बाईंनी कप खाली ठेवला. त्यांचंच पान. दुसरं, तिसरं, चौथं, सगळी त्यांचीच, आणि प्रत्येकाच्या तळाशी बारीक अक्षरात टपाल नाका, पनवेल. इतकी वर्षं फुकटात केलेली जाहिरात एका फाइलीत लागलेली, आणि वर प्रत्येकाच्या अनुभवाच्या रकान्यात एकच दुकान. साहेबांचा आवाज बदलला नाही. ते म्हणाले की या सगळ्या मुलांना पर्मनंट करण्याचा प्रश्न आला आहे, त्याआधी कागद तपासायला वरून सांगितलंय. तपासायला गेलेला माणूस एसटीडी बूथ बघून परत आला. आजूबाजूला विचारलं तर म्हणे दुकानात एक माणूस जेमतेम मावायचा. शेठ वारले, हेही त्यांना ठाऊक होतं.

“म्हणजे आता सांगू शकेल असं तुमच्याशिवाय कुणी नाही,” साहेब म्हणाले. “हे दाखले खोटे आहेत एवढं लिहून द्या. सोमवारपासून कामावर या.”

बाईंनी विचारलं, आणि मुलं? ते कंपनी बघेल, साहेब म्हणाले. कंपनी काय बघणार हे बाईंना दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. खोटा दाखला म्हणजे फसवणूक, फसवणूक म्हणजे ना नुकसानभरपाई, ना युनियन, ना दाद ना फिर्याद. हेच वाक्य त्यांनी स्वतःच्या घरात, भाताच्या ताटासमोर ऐकलं होतं.

आता खोटं कशाला सांगायचं, पहिल्यांदा बाईंच्या मनात आलं ते पोरांचं नव्हतं. सईचं आलं. इस्त्री करताना खाली घातलेली तिची मान आली. मग संताप आला. मी काय जन्मभर यांचा मक्ता घेतलाय? रस्त्यात ओळख न दाखवणाऱ्यांसाठी मी माझ्या पोरीच्या तोंडचा घास काढू? आणि दाखले खोटे आहेतच ना, मग खोट्याला खोटं म्हणायला जीभ का जड व्हावी? एक सही करायची आणि उठायचं. या विचाराने त्यांना क्षणभर इतकं हलकं वाटलं, की त्याची त्यांनाच भीती वाटली.

फाइलीत वरचं पान तुळशीरामचं होतं. स्टोअर असिस्टंट, दोन वर्षं, हार्डवेअर. बाई ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिल्या. या पोराकडे अनुभव होता की. खरा होता, त्याच्या घामाचा होता. माल किती आला, किती गेला, किती फुटला, स्टोअरमध्ये दुसरं असतं काय? आपण ‘जे काम येतं ते वर’ म्हणून जगाला शहाणपण शिकवलं आणि त्याचं आलेलं काम वीटभट्टीवरचं म्हणून केराच्या टोपलीत टाकलं. ते लिहिलं असतं तर आज या फाइलीत त्याचं पान नसतं. कुणाची वीटभट्टी तपासायला कुठला साहेब गेला असता, आणि गेला असता तरी मुकादमाने छाती ठोकून सांगितलं असतं. बाईंना लाज वाटली, अशी की मान वर करवेना.

पण आता खरं सांगून उपयोग नव्हता. भट्टी खरी म्हणायची तर दुकान खोटं म्हणावं लागणार, आणि साहेबांना तेवढंच हवं होतं. बाईंनी पदराने कपाळ पुसलं. कोपऱ्यात एक जुनं टाइपरायटर होतं, ते त्यांनी मागितलं. हाताने लिहायची सवय नाही म्हणाल्या. साहेबांनी खुशीने शिपायाला मशीन टेबलावर ठेवायला सांगितलं आणि खुर्चीत मागे टेकले. बाईंनी कार्बन मागून घेतला. दोन कागद, मध्ये कार्बन, कडा जुळवल्या आणि चढवले. खोलीत टकटक सुरू झाली आणि तेवढ्या वेळात बाईंची नजर एकदाही मशीनवरून उठली नाही. अक्षर एकही चुकलं नाही.

साहेबांनी कागद घेतला आणि वाचला. त्यात लिहिलं होतं, की मी, सौ. अरुंधती सत्यजीत पेंडसे, लिहून देते की सदर सर्व मुलं कै. काशिराम शेठ यांच्या दुकानात व गोडाऊनमध्ये कामाला होती. माझा क्लास त्याच इमारतीत असल्याने मी त्यांना रोज येताजाता पाहत असे. खाली सही, तारीख, पत्ता.

“गोडाऊन?” साहेब म्हणाले.

“होतं. उरण रस्त्याला. पत्र्याचं.”

आयुष्यभर दुसऱ्यांसाठी खोटं लिहिलेली बाई, पण तोंडाने इतकं सरळ खोटं त्या पहिल्यांदाच बोलल्या. साहेब कागद सरकवत म्हणाले की विचार करा, घरची परिस्थिती मला माहीत आहे. बाईंनी कागद परत घेतला नाही. त्यांनी दुसरी प्रत पुढे केली आणि तिच्यावर आवक शिक्का मारून मागितला. सरकारी कचेऱ्यांत अर्ज देऊन देऊन त्या एवढं शिकल्या होत्या, की ज्या कागदाची पोच नाही तो कागद दिलाच नाही असं समजायचं. शिपाई साहेबांकडे बघू लागला. नाही म्हणायला साहेबांकडे कारण नव्हतं. शिक्का बसला.

बाई उठल्या तेव्हा साहेबांनी त्यांचा बायोडाटा उचलून हातात धरला होता. त्यांच्या आवाजात राग नव्हता, असता तर बाईंना सोपं गेलं असतं.

“बाई, हा मला खरंच आवडला होता. साधा, स्वच्छ. पण गोडाऊनचा तो कागद लिहिणाऱ्या बाईंचा हा बायोडाटा मी खरा कसा मानायचा?”

बाईंच्या हातून लिहिला गेलेला तेवढा एकच बायोडाटा पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत खरा होता, आणि हे जगात त्या सोडून कुणालाही पटवून देता येण्यासारखं नव्हतं. त्यांनी नमस्कार केला आणि बाहेर पडल्या.

गेटाबाहेर एस.टी.च्या थांब्यावर तुळशीराम धावत आला. निळा गणवेश, खिशाला पेन, अंगाने भरलेला. बाई आल्याचं त्याला शिपायाकडून कळलं होतं आणि त्याचा चेहरा असा फुलला होता, जणू त्याच्याच घरी पाहुणे आलेत. बाईंनी त्याला बोलू दिलं नाही. हातातली प्रत त्याच्यापुढे धरून वाचायला लावली, परत वाचायला लावली.

“नीट ऐक. शेठचं गोडाऊन होतं, उरण रस्त्याला, पत्र्याचं. सगळ्यांना आजच सांग. एकाने जरी वेगळं सांगितलं तर सगळे जाल.”

तुळशीराम कागदाकडे बघत राहिला. मग त्याच्या ध्यानात आलं असावं, निदान अर्धं तरी, कारण त्याच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. त्याने घडी घालून प्रत खिशात ठेवली. आणि तुमचं काय झालं, असं त्याने विचारलं. बाई म्हणाल्या, माझं नाही जमलं, कॉम्प्युटर कमी पडला. हेही त्याला पटलं. शिकलेल्या बाईंना काही कमी पडतं, याचंच त्याला वाईट वाटलं. तो थोडा वेळ पायाने माती उकरत उभा राहिला आणि मग एकदम, मोठ्या भावाने धीर द्यावा तसं बोलला.

“बाई, तुमी मनाला लावून घेऊ नका. एकदा मला पर्मनंट होऊ द्या. मग मी सोता बोलतो कर्णिकसायबाशी तुमच्यासाटी. माजं आयकतात ते.”

बाई त्याला बोल हो म्हणाल्या. तेवढ्यात एस.टी. आली तशा त्या चढल्या आणि खिडकीशी बसल्या. गाडी हलली, कंडक्टर आला आणि त्याने कुठे म्हणून विचारलं, तेव्हा पनवेल एवढा एक शब्दही बाईंच्या तोंडून बाहेर पडेना. कंडक्टर बाजूला उभा राहून त्यांचं रडणं थांबायची वाट बघत राहिला.